बिनखिडकीची खोली

९ जानेवारी

कालव्याला आज पाणी सुटलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी पाणी सुटलं की पाय तिकडं वळतात. तीस वर्षं पाटकरी होतो. गेट उघडायचं, बंद करायचं, पाण्याची पातळी वहीत लिहायची. त्यातूनच ही रोज काहीतरी लिहायची सवय लागली. आज पट्टीवर साडेतीन फूट होतं. नव्या पाटकऱ्याला म्हणालो, गेट एकदम उचलू नको. त्यानं मान हलवली आणि एकदम उचललं.

घरी आलो तर अमेरिकेहून लेकीचा, अर्पिताचा फोन. म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी मे महिन्यात तुमी आन् आई इकडं या. न्यूयॉर्कहून जहाज जातं बर्म्युडाला. अटलांटिक महासागरातलं बेट हाय. सात दिवस. खाणं, झोपणं सगळं जहाजातच. आईच्या गुडघ्याला त्रास न्हाई."

मला वाटलं चेष्टा करते. पण तिचं सगळं ठरलं होतं. "खोली खिडकीची घेऊ का बिनखिडकीची?" असं विचारलं. मी लगेच सांगितलं, बिनखिडकीची. खिडकीतून बघायचं काय, पाणीच ना.

फोन स्पीकरवर होता, ही समोर सुपात तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"पाणी कसं असतं गं तिथलं?" हिनं विचारलं.

"निळं, आई. लय निळं."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. मानवत तालुक्यातल्या माणसाच्या वाट्याला समुद्र येतो कुठं? आणि मला तर कालवाही पुरे झाला. १९८३ साली बुडून मेलेला, गेटच्या जाळीत अडकलेला एक माणूस आम्ही चौघांनी बाहेर काढला. तेव्हापासून नोकरीभर काठानं चाललो, पाण्यात पाय घातला नाही. पोहताही येत नाही. पाटकऱ्यानं हे कोणाला सांगायचं? इथंच लिहून ठेवतो.

११ जानेवारी

दिनकररावाच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं. दिनकरराव गल्ल्यावरूनच ओरडला, "बर्मुडा? अवो माणिकराव, चड्डी आणायला एवढ्या लांब कशाला जायलाव? मानवतच्या बाजारात ढीग लागलाय!" सगळे हसले, मीही हसलो. मग एकजण म्हणाला, तिथं जहाजं गायब होतात, विमानंसुद्धा, टीव्हीवर दाखवलं होतं. त्यानंतर चहा घशाखाली उतरेना. तसाच ठेवून आलो.

हिला काही सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

डायरी गव्हाच्या कोठीवर ठेवतो. खताच्या दुकानदारानं दर साली फुकट द्यायची आणि मी भरायची, असं बावीस वर्षांच्या वर चाललं आहे. कुलपाबिलपाची गरज पडली नाही. पोरगी गेल्यापासून घरात वाचणारं मी सोडून कोणी नाही.

१२ जानेवारी

सकाळी भाकरी थापता थापता ही म्हणाली, "अवो, जिथं जहाजं बुडतात तिथं माणसं घरं बांधून राहिली असती का? लेकरं-बाळं घिऊन?"

मी दचकलो. "तुला कोण म्हणलं जहाजं बुडतात?"

"येतं कानावर."

पंचावन्न वर्षांच्या संसारात एकमेकांच्या मनातलं कळायला लागतं म्हणतात. हिला माझं कळतं. मला हिचं अजून कळत नाही. माझं लक्ष कमी असेल.

१५ जानेवारी

थंडी वाढली. शेंगोळे खावेसे वाटतात, गरम, लसूण जास्त घालून. पण गुडघे धरलेल्या बाईला इतका वेळ वळत बस म्हणून कसं सांगायचं? नाही सांगितलं.

दुसरी काळजी. जहाजावर माणूस मेलं तर काय करतात? समुद्रात टाकतात का? आमच्या बांधावर आई-बापाच्या शेजारी माझी जागा ठरलेली आहे, लिंबाखाली. हे कोणाला विचारावं? पोरीला विचारलं तर रडेल. हॉटेलात विचारलं तर हसतील.

१६ जानेवारी

शेंगोळे झाले. तीन वाट्या खाल्ले.

२१ जानेवारी

धम्मानंद गुरुजी नकाशांचं पुस्तक घेऊन आले. गुरुजी माझ्याच वयाचे, शाळेतून निवृत्त झालेले. मी चौथीत शाळा सोडली, ते मास्तर झाले, पण दोस्ती तुटली नाही. दोघांनी चष्मे पुसून बर्म्युडा शोधायला सुरुवात केली. पुस्तक आमच्याकडं तोंड करून होतं. सापडेना. ही चहा घेऊन आली, कप ठेवले आणि समोरूनच बोट टेकवलं. "ही अमेरिका ना? मग हिच्या उजव्या अंगाला, पाण्यात बघा."

गुरुजींनी बोटापाशी डोळे नेले. ठिपका होता. मुंगीएवढा.

गुरुजींनी हिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "टीव्ही लय बघती." गुरुजींनी पुस्तक मिटलं. चहा प्यायले.

मग पासपोर्टच्या कागदांचा विषय निघाला. माझ्या आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे, एक जून. आमच्या वेळच्या निम्म्या गावाची एक जूनच आहे, तेव्हाच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली ती. हिच्या आधारवर नुसतं साल आहे. गुरुजी म्हणाले, "वहिनींचा शाळेचा दाखला लागल."

"ती कुठं शाळेत गेली!" मी म्हणालो.

ही कप उचलून आत गेली. गुरुजींच्या कपात अजून चहा होता.

२२ जानेवारी

खरं लिहितो. लय दिवसांनी आज बरं वाटलं. हिचा कागद नाही म्हणजे पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणजे जहाज नाही. रविवारी अर्पिताचा फोन आला की सांगायचं, आईचे कागद होत नाहीत, मी एकटा कसा येऊ? आईला पाण्याची भीतीही वाटते, असंही जोडता येईल. म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. ही थोडीच मधे बोलणार आहे, ती कधीच बोलत नाही.

तसं पाहिलं तर खोटं किती आहे यात? अडाणी बाईला जहाजात त्रासच होईल. पाट्या वाचता येणार नाहीत, खोलीचा नंबर सापडणार नाही. इथं मी आहे म्हणून निभतं. रेशन असो, बँक असो, हिचा अंगठा मीच हातात धरून टेकवतो. शाई जास्त लागू देत नाही. ठसा कसा स्वच्छ येतो.

२३ जानेवारी

सकाळी उठून ही तयारच बसली होती, इस्तरीचं लुगडं नेसून. "मी माहेरी जाऊन येते. सेलूला."

"असं एकाएकी?"

"चार-पाच दिवसांत येते." मग चपला घालताना म्हणाली, "रविवारी पोरीचा फोन येईल. मी येईपर्यंत तिला काही सांगू नका."

काय सांगू नका ते विचारायचं राहिलं. मानवत रोडच्या स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो तर नको म्हणाली. आता घोर लागला आहे. गाडीची पाटी वाचता येत नाही, भलत्याच गाडीत बसली तर? तसं आजवर कधी चुकलेली नाही. हिचा अंदाज भारी आहे.

२५ जानेवारी

फोन आला. सांगणार होतो. जमलं नाही. हवापाण्याचं बोललो.

गोळ्यांचा घोळ झाला. सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती? पाकिटावर बारीक लिहिलेलं असतं. ही रोज हातावर ठेवते, रंगावरून ओळखत असेल. दोन्ही घेतल्या नाहीत.

२८ जानेवारी

ही दिवेलागणीच्या आधी आली. पिशवीतून बोरं काढली, भावानं दिलेल्या शेंगा काढल्या आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्का. कु. पंचफुला आबासाहेब. जन्मतारीख एक जून १९५२. इयत्ता सातवी उत्तीर्ण.

"ही कोण पंचफुला?" मी विचारलं.

"मी."

खरंच, विसरलो होतो. लग्नात माझ्या आईनं हिचं नाव कमल ठेवलं. त्या आधीचं नाव मी एकदाच ऐकलं होतं, तेही मांडवात.

"आन् हे सातवी?"

"तेबी मीच."

मी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. म्हणालो, "मग सांगितलं का न्हाई कधी?"

ही पदरानं घाम पुसत बसली. "सोयरीक करायला आल्यावर तुमच्या आईनं विचारलं, पोरगी शिकलेली तर न्हाई ना? आमचा पोरगा चौथी हाय. आबा म्हणले, न्हाई, शाळेचं तोंड बघितलं न्हाई तिनं. झालं. मग रेशनच्या कागदाला तुमीच माझा अंगठा धरून टेकवला. लय हौसेनं. आता त्या टायमाला काय म्हणू?"

"तरीबी, एवढी वर्षं?"

"एक साल गेलं की दुसऱ्या सालाला सांगायला आणखी जड जातं. तुमाला म्हाईत हाय ते."

मला कसं माहीत, ते विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच. "मग वाचता येतं?"

"येतं."

"सगळं?"

हिनं माझ्याकडं बघितलं नाही. गव्हाच्या कोठीकडं बघितलं. "सगळं."

२९ जानेवारी

हवा थंड. विशेष काही नाही.

३० जानेवारी

काय लिहावं कळत नाही. लिहिलं की ती वाचणार.

२ फेब्रुवारी

डायरी ट्रंकेत घालून कुलूप लावलं आहे. किल्ली कमरेला. हिनं बघितलं. जेवण वाढते, गोळ्या देते. मी बोलत नाही. पंचावन्न वर्षं मला फसवलं. जगाला सांगायची गोष्ट नाही म्हणून जी वहीत लिहिली, ती हिनं शेंगोळे वळत वळत वाचली.

पाण्याचं वाचलं. जाळीतल्या माणसाचं वाचलं. आईला भीती वाटते असं सांगीन, ते वाचलं. अडाणी बाई, तेही.

४ फेब्रुवारी

गुरुजींकडं गेलो. म्हणालो, तुमाला ठाऊक होतं का?

गुरुजी म्हणाले, "माणिकराव, नकाशा तिच्या बाजूनं उलटा होता. तरी तिनं बरोबर बोट ठेवलं. मास्तरला आणखी काय सांगावं लागतं?"

"मग मला बोलला का न्हाई?"

"तुमी म्हणलाव ना, टीव्ही लय बघती."

८ फेब्रुवारी

रविवार. अर्पिताला सांगितलं, आईला वाचता येतं म्हणे. पलीकडं ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरला. "दादा, तुमी दिवसभर कालव्यावर असायचात. मला अ आ इ ई कुणी शिकवलं असं वाटतं तुमाला?"

"शाळेनं."

"मी शाळेत गेले तवाच मला वाचता येत होतं."

म्हणजे गुरुजींना ठाऊक, पोरीला ठाऊक. फक्त ज्यानं लिहिता येतं म्हणून मिरवलं, त्यालाच नाही.

११ फेब्रुवारी

ट्रंकेतल्या सगळ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो. किती काय लिहिलं आहे हिनं वाचलेलं, ते बघायचं होतं. २००३ ची डायरी हाती आली. अर्पिता बारावी झाली तो उन्हाळा. माझंच अक्षर आहे:

'पोरीला परभणीला शिकायला ठेवायचं नाही. होस्टेल, शहर, जीव घाबरतो. पण मी नाही म्हणालो तर लोक हसतील. हिचं नाव सांगायचं. आई एकटी पडेल, तिला करमणार नाही, असं सांगायचं.'

पान उलटलं. दुसऱ्या दिवशीचं:

'सकाळी ही आपण होऊन पोरीला म्हणाली, मी एकटी पडत न्हाई, तू जा. माझ्यासमोरच म्हणाली. आता नाही कसं म्हणू? हो म्हणालो.'

दोन्ही पानं पुन्हा वाचली. तेव्हा कळलं नव्हतं. पोरगी परभणीला गेली, शेतीचं शिकली, तिथून पुण्याला, तिथून अमेरिकेला. मी सगळ्यांना सांगत आलो की पोरीला मी शिकवलं.

आणखी पानं आहेत. दातदुखीचं लिहिलं, दुसऱ्या दिवशी लवंग. वहाण चावते लिहिलं, चार दिवसांनी नवी. सगळं माझ्याच अक्षरात आहे, मीच लिहिलं आहे, मीच कधी सलग वाचलं नाही.

डायऱ्या ट्रंकेत परत ठेवल्या. या सालची डायरी मात्र कोठीवर ठेवली.

१० मार्च

नाव बदलल्याचं गॅझेटला द्यावं लागलं. पंचफुला ती कमल, हे सरकारला छापून सांगायचं. गुरुजींनी सगळे फॉर्म भरले. ही शेजारी बसून म्हणाली, इथं पिनकोड राहिला. राहिलाच होता.

दिनकररावाला गुरुजींकडून कळलं की दाखल्यावर ही माझ्यापेक्षा वर्षानं मोठी निघाली. हॉटेलात पाय ठेवला तर म्हणतो, "माणिकराव, आता सणावाराला वहिनीच्या पाया तुमीच पडत जा!"

मी म्हणालो, "पडीन." त्यानं गल्ला उघडून चिल्लर मोजायला घेतली. चहा मात्र पुरा प्यायलो.

७ एप्रिल

परभणीला पासपोर्टच्या कार्यालयात जाऊन आलो. सकाळच्या एसटीनं गेलो, बसस्टँडपासून रिक्षा केली. फोटो काढले. काचेवर बोटं टेकवायची होती. हिची पाळी आली तसा मी सवयीनं पुढं होऊन हिचा अंगठा धरला. खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, त्यांचं त्या करतील."

मी हात मागं घेतला.

मग तिनं सहीसाठी चौकट पुढं केली. हिनं पेन घेतलं. हळूहळू, गोल गोल अक्षर काढलं. कमल माणिकराव. पहिलीच्या पोरासारखं लक्ष लावून. मागं रांग थांबली होती.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. ही म्हणाली, "हे नाव आज पहिल्यांदा लिहिलं. आधी नुसतं वाचलं होतं."

"कुठं?"

"लग्नात. तुमी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं तवा. भटजी मोठ्यानं वाचायच्या आधी मी वाचलं."

मला त्या ताटातलं काही आठवत नाही.

एसटीत खिडकीकडची जागा हिनं घेतली. मानवत येईपर्यंत बाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "सातवीला नकाशे रंगवायला आमचे गुरुजी निळा खडू द्यायचे. एकेकाला अर्धा. खडू संपायचा, समुद्र उरायचा."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय. तसाच द्यायचा नकाशा. पांढरा."

१२ एप्रिल

अर्पिताचा फोन. जहाजातली खोली उद्या पक्की करायची आहे. "दादा, बिनखिडकीचीच ना?" मी म्हणालो, उद्या सांगतो.

कमल, हे तुला लिहितो. वाचशील तेव्हा वाच. तोंडावर मला बोलता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. पाण्याची भीती मला वाटते, तुला नाही. तुझ्या नावावर मी काय काय घातलं ते तू वाचलंस आणि मला एकदाही वर बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर बोललो असतो.

खोलीचं पोरीला उद्या तू सांग. तुला पाहिजे ती सांग. खिडकीकडची खाट तुझी. मी दाराकडं झोपेन. पाणी कसं दिसतं ते आधी तू मला सांगत जा. मी मागून बघेन.

आणि मेल्यावर काय करतात ते पोरीला तूच विचार. मला धीर होत नाही.

१३ एप्रिल

सकाळी चहा झाला. गोळी हातावर ठेवली. मी डायरीकडं बघितलं नाही, तिनंही नाही. मग ताक घुसळता घुसळता म्हणाली, "दाराकडं वारा लागल. मफलर घ्या संगं."

"बरं," म्हणालो.

थोड्या वेळानं आतून फोनवर बोलल्याचं ऐकू आलं. हिनं स्वतः लावला होता. "खिडकीची," म्हणाली. आणि मग, "आन् हे बघ, तुझे दादा विचारायलेत, मला न्हाई विचारायचं ते, पण त्यांना घोर लागलाय म्हणून विचारते." पुढचं बोलणं दार लोटून केलं. बाहेर येऊन म्हणाली, "माघारी आणतात. तुमच्या लिंबाखाली. पण इतक्यात न्हाई."

संध्याकाळी कालव्यावर गेलो. कालव्याच्या पाण्याची पाळी संपत आली, पट्टीवर दोन फूट होतं. गेटच्या खाली धुण्याला केलेल्या पायऱ्या आहेत. आजूबाजूला कोणी नव्हतं. वहाणा काढल्या, एका हातानं कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय घातले. घोट्यापर्यंत आलं. गार होतं. खालून ओढत होतं, पण धरलं की उभं राहता येतं.

हे हिला सांगितलेलं नाही. वाचेल.